ताठ बसायचं लक्षात कसं ठेवू?

तुम्ही लिहिलंय, दिवसभर लॅपटॉपवर काम असतं, ताठ बसायचं ठरवता आणि पाच मिनिटांत पुन्हा पोक काढून बसलेले असता. माझंही तेच होत असे. मग एकदा ब्लाउजचं माप घेताना शिंपीकाका म्हणाले, "ताई, पर्स डाव्या खांद्याला अडकवता ना? तो खांदा वर चढलाय." घरी येऊन आरशात पाहिलं तर खरंच बोटभर फरक होता. दोन्ही खांदे सारखे केले, तर वाटायला लागलं की मी एका बाजूला कलले आहे!

घोळ इथेच आहे. स्नायू आणि सांधे शरीर कसं आहे याची खबर मेंदूला सतत देत असतात, पण सवयीची ठेवण मेंदू सरळच धरून चालतो. ऑस्ट्रेलियातले नट एफ. एम. अलेक्झांडर यांचा आवाज रंगमंचावर बसायचा. आरसे लावून पाहिलं तेव्हा त्यांना कळलं, की बोलताना आपण डोकं मागे खेचतो. आणि खेचत नाही असं वाटत असतानाही खेचतच असतो. पुढे त्यांच्याच नावाची पद्धत रूढ झाली.

म्हणून आधी बाहेरचा साक्षीदार शोधा. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवून पाठ टेकवा. डोकं टेकवायला हनुवटी वर करावी लागली, तर मान पुढे आलेली आहे. जुन्या चपलेचा तळ कोणत्या बाजूने झिजलाय तेही पाहा.

बसताना एकदा तळहात खाली घेऊन बसा. दोन हाडं टोचतील. वजन त्यांच्यावर हवं. ते मागे माकडहाडाकडे सरकलं की पोक आलंच, मग छाती कितीही काढा, पाठ फक्त दमते. मांडी घालून जेवताना खाली चादरीची जाड घडी घ्या, म्हणजे गुडघे कंबरेच्या खाली राहतात. लॅपटॉप उंच करून कीबोर्ड वेगळा लावा.

लक्षात ठेवायचं ओझं मात्र नको. मी ते दात घासण्याला बांधलं: तेवढा वेळ वजन टाचांवर आहे की चवड्यांवर, एवढंच बघायचं. अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गात ताडासनात, म्हणजे ताठ उभं राहायच्या आसनात, आमच्या बाई हेच करून घेतात.

हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखणं हातात उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. नाहीतर भिंतीपाशी हनुवटीचं काय झालं ते कळवा, त्यावरून पुढचं सांगते.