जुनी मर्सिडीज, पांदण रस्ता आणि ४६ अंश : वाचकांचे प्रश्न

या खेपेला विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. बारा-पंधरा वर्षं जुनी आलिशान गाडी आता नव्या ट्रॅक्टरपेक्षा कमी पैशात मिळते. मात्र गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. म्हणून मोठं काम उघडण्याआधी रबर, ऑइल आणि वायर तपासा, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगणार आहोत.

प्रश्न : माझी २००७ ची मर्सिडीज ई २२० सीडीआय १ लाख ६० हजार किलोमीटर चालली आहे. सकाळी छान चालते. उन्हात तासभर चालवली की गिअर बदलताना झटका बसतो. दोनदा तर गिअर अडकून बसला, इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी पळेना. बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक. मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करा. काय करावं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : गिअरबॉक्स आत्ताच उतरवू देऊ नका. तुमच्या गाडीत ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आहे. तो दणकट आहे आणि त्याची दुखणी ठरलेली आहेत. गिअर अडकणं आणि बंद-चालू केल्यावर सुटणं म्हणजे लिंप मोड. संगणकाला चुकीचा संदेश मिळाला की तो बॉक्स वाचवण्यासाठी दुसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवतो. बॉक्स आतून झिजला असता तर नुसतं बंद-चालू करून तो सहसा सुधारला नसता.

सगळ्यात आधी मर्सिडीज वाचता येणारा स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे कोड काढा. साधा इंजिन-कोडवाला स्कॅनर इथे पुरत नाही. एन-२ किंवा एन-३ स्पीड सेन्सरचा कोड आला तर दोष कंडक्टर प्लेटमध्ये, म्हणजे बॉक्सच्या आतल्या विजेच्या जोडण्यांच्या पाटीत आहे. हे दोन्ही सेन्सर त्या प्लेटवरच बसवलेले असतात आणि ऑइल तापलं की आधी तेच दगा देतात. प्लेट बॉक्सच्या तळाचं ऑइल पॅन उघडून खालूनच बदलता येते, बॉक्स उतरवावा लागत नाही.

दुसरी जागा बॉक्सच्या बाजूला असलेल्या १३ पिनांच्या प्लगची. त्याच्या अडॅप्टरला दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या असतात. उष्णतेने त्या कडक झाल्या की ऑइल प्लगमध्ये शिरतं आणि वायरच्या आतून केशाकर्षणाने वर चढत थेट गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत जातं. प्लग काढून आत बोट फिरवा, बोट लाल-तपकिरी झालं तर अडॅप्टर बदला. त्याचा पार्ट नंबर ए २०३ ५४० ०२ ५३. संगणकाच्या टोकाचा प्लगही उघडून पाहा आणि तिथे ऑइल पोचलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवा. हा अडॅप्टर किरकोळ किमतीचा आहे, पण तो न बदलल्यामुळे संगणक गेला तर खर्च कितीतरी पट होतो.

आता ऑइल. हे आयुष्यभर बदलायचं नाही, असं कुणी सांगितलं असेल तर विसरा. आपल्या उन्हात ६० हजार किलोमीटरला बदलाच. डब्यावर एमबी २३६.१४ हे मानांकन असलेलंच घ्या, दुकानातलं साधं पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल नको. नुसत्या पॅनमधून साधारण ४ लिटर निघतं आणि टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिन आणि बॉक्सच्या मधला ऑइलने भरलेला भाग) सगळं बदललं तर साडेसात-आठ लिटर लागतं. फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट सोबत नवंच हवं. पॅनचे बोल्ट फक्त ८ न्यूटन-मीटरवर आवळतात. पाना हाती आला म्हणून जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे निघतात.

पॅन उतरला की तळाच्या चुंबकाकडे नीट बघा. त्यावर काजळीसारखा मऊ राखाडी लेप असेल तर काळजी नाही, तेवढी झीज होतेच. चिमटीत टोचणारे धातूचे तुकडे असतील आणि ऑइल काळं, करपट वासाचं असेल, तर मात्र तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे आणि ओव्हरहॉलच करावा लागेल. हा निर्णय पॅन बघून करायचा, अंदाजाने नाही.

या गाडीला ऑइल मोजायची कायमची डिपस्टिक नसते. नळीवर नुसतं लॉक असलेलं टोपण असतं. मोजायला लांब सर्व्हिस डिपस्टिक लागते. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, लिव्हर पी-मध्ये आणि ऑइल ८० अंशांवर असताना पातळी बघतात. थंड ऑइलवर वरच्या खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर ते जास्त होतं, फेसाळतं आणि झटके उलट वाढतात.

दुपारीच त्रास होण्यामागे आणखी एक कारण असू शकतं. गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरमधूनच थंड होतं. हंगामात मळणी यंत्राच्या बाजूने गाडी गेली की सोयाबीनचं कुटार आणि कापसाचे धागे एसीच्या कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत गोधडी झालेली असते. वरचं कव्हर काढून टॉर्चने फटीत बघा. साध्या पाइपच्या पाण्याने इंजिनच्या बाजूकडून समोर धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन लावू नका, पत्र्याच्या पातळ पापण्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

एवढं करूनही डी-मध्ये टाकताना धप्प आवाज येत राहिला तर गिअरबॉक्सचं माऊंट आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची रबरी डिस्क बघा. डिस्कच्या बोल्टाभोवती भेगा दिसल्या तर ती लगेच बदला, कारण तुटली तर शाफ्ट सैल सुटतो.

प्रश्न : ई-क्लास गावच्या घरी उभी असते, आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी येतो. दर वेळी बॅटरी उतरलेली. डिकीही उघडत नाही आणि बॅटरी डिकीतच आहे. ट्रॅक्टरवरून जंप दिला तर चालेल का? (वरुड, जि. अमरावती)

उत्तर : डिकीसाठी रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढा, तिने कुलूप उघडतं. जंप देण्याची जागा बोनेटखाली आहे. लाल टोपणाखाली धन टोक मिळेल, ऋण वायर इंजिनच्या उघड्या धातूला लावा.

बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात, तरी बॅटरीवर वाचून खात्री करा. ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवून जोडा. चालू ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळला तर तुमच्या गाडीचे संगणक जळू शकतात. ट्रकवरून कधीच नाही, ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते.

आता मूळ कारण शोधा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मल्टीमीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवतो. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. सगळे संगणक झोपल्यावर ऋण वायरीत मीटर लावून मोजा, प्रवाह ५० मिलिॲम्पिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या सर्किटवर चोर आहे. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा ट्रॅकर यात पुष्कळदा सापडतो. आकडा ठीक असेल तर जाताना ऋण टोक काढून ठेवणं सोपं, फक्त आधी डिकी किल्लीने उघडते याची खात्री करा. टायरमध्ये ३-४ पाउंड हवा जास्त भरून ठेवा, एका जागी चपटे होत नाहीत.

प्रश्न : गाडी कडूनिंबाखाली उभी असते. पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला होतो, काच मात्र बंद असते. (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : कडूनिंबाची काडी आणि पानं पाण्याच्या वाटा बंद करतात. वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या पन्हाळीत कुजलेला पाला साचला की पाणी तुंबून केबिनमध्ये शिरतं. ती हाताने साफ करा आणि तळाची छिद्रं मोकळी करा. सनरूफ असेल तर तो उघडून पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओता. ते गाडीखाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर नळी तुंबली आहे. ग्रास कटरची नायलॉन दोरी वरून सरकवत न्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आत नळी सांध्यातून निसटली की सगळं पाणी छतातून खांबात उतरतं. गालिचा उचलून खालचा जाड फोम पूर्ण वाळवा. वरून कोरडं वाटलं तरी फोम आठवडाभर ओला राहतो आणि त्याच्याजवळच्या वायरींचे सांधे हिरवे पडतात.

प्रश्न : दिल्लीहून २०१३ ची बीएमडब्ल्यू ५२० डी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : दिल्लीत डिझेल गाड्यांवर १० वर्षांची वयोमर्यादा आली, म्हणून त्या स्वस्त होऊन इकडे येतात. स्वस्ताई खरी, पण गाडीची किंमत अधिक कर अशी बेरीज करूनच ठरवा. कर तुम्ही दिलेल्या पैशांवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवर वयानुसार घटलेल्या दराने लागतो. चंद्रपूरच्या आरटीओत (एमएच-३४) जाऊन आकडा काढल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कागद असे : तिथल्या कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ वर, मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३०, नव्या क्रमांकासाठी नमुना २७. कर्ज होतं तर बँकेचं पत्र. विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत करा. नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे ही गाडी २०२८ ला नूतनीकरणाला येईल, तेव्हा फिटनेस तपासणी द्यावी लागेल.

या गाडीतलं एन-४७ इंजिन असेल तर टायमिंग चेन ऐका. चेन इंजिनच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे. रात्रभर थंड राहिलेली गाडी तुमच्यासमोर सुरू करा आणि दोन हजार आरपीएमपर्यंत नेताना इंजिनच्या मागून पत्रा घासल्यासारखा आवाज येतो का ते बघा. आला तर सौदा सोडा, चेन बदलायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावंच लागतं. ऑइल दर १० हजार किलोमीटरला बदललं आहे याची बिलं मागा. लांब अंतराने बदललेल्या ऑइलवर चेन लवकर मरते. पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी गाळाची रेघ दिसते.

आमचा सल्ला : चेन शांत, बिलं पूर्ण आणि करासकट हिशेब बसत असेल तरच घ्या, आणि किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा.

प्रश्न : गाडी कापसाच्या गोदामात ठेवतो, उंदीर वायरी कुरतडतात. (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

उत्तर : गोदामात धान्य किंवा सरकी असेपर्यंत कोणताही फवारा टिकत नाही, गाडीच बाहेर काढा. निदान बोनेट उघडा ठेवून खाली दिवा लावा, उंदराला अंधारी, उबदार जागा हवी असते. एसीचा केबिन फिल्टर काढून बघा, घरटं तिथे सापडतं. डांबरगोळ्या ठेवल्या तर त्यांचा वास एसीतून आत येतो, त्या नकोत. तुटलेली वायर पीळ मारून टेप लावण्यापेक्षा सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवा. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींची जोडी तुटली असेल तर ती संगणकांच्या बोलण्याची लाइन आहे, दुरुस्तीनंतर तो पीळ पूर्वीसारखाच ठेवा, नाहीतर डॅशबोर्डवर दर वेळी वेगळा दिवा लागेल.

प्रश्न : कूलंट कमी झालं तर बोअरचं पाणी टाकलं तर काय बिघडतं? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते ॲल्युमिनियमच्या बारीक वाटांत थर धरतात. निम्मं कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, हेच प्रमाण. दुसऱ्या रंगाचं मिसळू नका. आधी पाणी टाकलं असेल तर सगळं काढून डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा आणि टाकीच्या टोपणाचं रबर बदला. टोपण दाब धरत नसेल तर ४६ अंशांच्या दुपारी कूलंट लवकर उकळतं. टोपण फक्त थंड गाडीवरच उघडा.