चादरीवरचा स्पेक्ट्रम आणि राउटरचा अडॅप्टर

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका चादरीवर रिमोट आणि मिक्सरच्या भांड्यांच्या ढिगात डीबी स्पेक्ट्रम प्लस, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, दिसला. अडॅप्टर, वायर काहीच नाही. काका म्हणतात चालू आहे, बाराशे द्या. बुधवारी परत जाईन म्हणतोय. घरी राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर आहे, समोरच्या चहावाल्याकडे प्लगही आहे, लावून बघू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको रे बाबा! पिन बसते, तिथेच तर सगळा घोळ आहे. राउटरच्या अडॅप्टरमध्ये सहसा पिनच्या आतली बाजू प्लस असते आणि स्पेक्ट्रमला ती मायनस लागते, म्हणजे बरोबर उलटं. मी स्वतः एक असाच घालवलाय, नुसता वास आला आणि संपलं. आतला एखादा ट्रान्झिस्टर उडतो, मग मायनस ५ व्होल्टची लाइन बंद पडते आणि त्या लाइनशिवाय ४११६ नंबरच्या रॅम चिप्स टिकत नाहीत, म्हणजे खालची १६ के रॅम गेली. गंमत म्हणजे गिटारच्या पेडलला लागणारा ९ व्होल्टचा अडॅप्टर बहुतेक वेळा आतून मायनसच असतो, पण त्यातले बरेच अर्ध्या अँपिअरचे आणि याला हवेत १.४, तेव्हा लेबल वाचूनच घे.

आणि "चालू आहे" याचा अर्थ बाजारात एवढाच की फुटलेला नाही. तू तो बंद आहे असं धरूनच भाव कर. खिशात छोटा स्क्रू ड्रायव्हर ने, काकांना विचारून खालचे स्क्रू काढ, पण वरचं झाकण हळूच दोन बोटंच उचल, कारण कीबोर्डच्या दोन चपट्या पट्ट्या बोर्डात अडकलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या मोडतात. मोडल्या तरी रडू नकोस, नवीन मेम्ब्रेन, म्हणजे कीजखालचा तो पातळ पडदा, आजही बनतं. खरं बघायचं ते यूएलए, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र वगैरे सांभाळणारी फेरांटी कंपनीची मोठी चिप, ती सॉकेटमध्ये असते त्यामुळे कोणीतरी आधीच उपटून नेलेली असू शकते. झेड८० हा प्रोसेसर मिळेल, रॅम मिळेल, यूएलए शोधताना मात्र नाकी नऊ येतात. सॉकेट रिकामं दिसलं तर दोनशेच्या वर जाऊ नकोस. सगळं जागेवर असेल तर बाराशे जास्त नाहीत, हा डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये लायसन्स घेऊन भारतात आणलेला स्पेक्ट्रम आहे, रोज दिसत नाही.

नीट सुरू झाला तर स्क्रीनवर खाली सिंक्लेअरची, म्हणजे मूळ स्पेक्ट्रम बनवणाऱ्या कंपनीची, १९८२ ची कॉपीराइटची ओळ येईल. स्क्रीनच्या कडेची बॉर्डर आली पण मधे नुसता कचरा दिसला तर आधी खालच्या रॅमवर संशय घे. गेम टाकायला कॅसेट प्लेअर नको, गेमच्या कॅसेटची ऑडिओ फाइल मोबाइलवर लावून त्याचा हेडफोन जॅक कॉम्प्युटरच्या इअर सॉकेटला जोडला तरी चालतं, फक्त आवाज मोठा ठेव.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून ४८६ चा, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पीसीचा, मदरबोर्ड आणला, बॅटरीपाशी हिरवं काहीतरी जमलंय. पुसू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी ती बॅटरी कापून काढ! निकेल कॅडमियमची आहे, तिचं गळलेलं पाणी अल्कलाइन असतं, म्हणून पांढरं व्हिनेगर लाव, जुन्या टूथब्रशने घास, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धू आणि एक दिवस वाळव. कीबोर्डचं सॉकेट बहुतेक तिच्या शेजारीच असतं, तिथले बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक मल्टिमीटरने एकेक तपास, वरून चांगले दिसतात पण हिरव्या थराखाली तुटलेले असतात.