२१ लॅपटॉप कुठे गेले?

«ताई, पर्वरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी ११ वर्षं आहे, सध्या टीम लीड. ३० जण होतो, आता ९ उरलोय. जूनपासून पगार रखडतोय. गणेश चवथीला अर्धा हातात पडला, त्यानंतर दमडी नाही. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पण पासबुकात मार्चनंतर नोंद नाही. सर मात्र देवमाणूस. माझ्या वडिलांच्या आजारपणात हॉस्पिटलचं बिल त्यांनी भरलं होतं. बायको रोज म्हणते, सोड. ऑगस्टमध्ये मीच फर्मागुढीच्या कॉलेजातून दोन मुलींना घेतलं. एक काणकोणची, इथे पीजी राहते. ऑफिसात लॅपटॉप शिल्लक नव्हता म्हणून तिने हप्त्यांवर नवा घेतला. अशा वेळी सरांना सोडलं तर कृतघ्न ठरेन का? – एक वाचक, फोंडा»

बाबा रे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या लॅपटॉपपाशी अडले.

शिल्लक नव्हता म्हणतोस. ३० माणसांच्या कंपनीत ९ उरली, तर २१ लॅपटॉप कपाटात पडून असायला हवेत. ते कुठे गेले? विकले असतील, नाहीतर भाड्याचे होते आणि भाडं थकल्यावर उचलून नेले असतील. याचा अर्थ तुला कळत नव्हता, हे मला पटवू नकोस. ११ वर्षं तू त्या ऑफिसात बसतोयस. मुलाखतीच्या दिवशी तुझा स्वतःचा पगार दोन महिने रखडलेला होता, आणि समोर बसलेल्या मुलीला तू रुजू व्हायची तारीख दिलीस. वर लॅपटॉप तुझाच आण म्हणून सांगितलंस.

मला राग आलाय, आणि तो तुझ्या सरांपेक्षा तुझ्यावर जास्त आहे.

सरांबद्दल एवढंच सांगते. पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. तुमच्या पगारातला वाटा कापून घ्यायचा आणि भरायचा नाही, याला कायदा विश्वासघाताचा गुन्हा मानतो. तक्रार ऑनलाइन करता येते, पणजीत पाटोवर पीएफचं ऑफिसही आहे. तुझ्या वडिलांचं बिल त्यांनी भरलं, ते उपकार खरेच. ते फेडायचे तर तुझ्या घामाने फेड. काणकोणच्या मुलीच्या हप्त्यांतून कसले फेडतोस?

तुला नोकरी मिळेल. ११ वर्षांचा अनुभव आहे, पर्वरीत नाही तर वेर्ण्यात, पुण्यात, घरी बसून. तिचं तसं नाही. नव्या पोरांना घेणाऱ्या कंपन्या बहुतेक त्याच वर्षी पास झालेल्यांना बोलावतात. पुढच्या उन्हाळ्यात फर्मागुढीहून नवी बॅच बाहेर पडली की ही ना फ्रेशर राहणार, ना अनुभवी. म्हणजे तिच्याकडे आताचे थोडेच महिने आहेत, आणि ते तू गप्प राहून खर्च करतोयस. दर महिन्याला खोलीचं भाडं, खानावळ आणि वर लॅपटॉपचा हप्ता. घरी फोनवर ती काय सांगत असेल, मला तेच डोळ्यांसमोर येतं. लागले गं आई नोकरीला, सगळं छान आहे.

म्हणून सोडू की राहू, या तुझ्या प्रश्नाला मी आज हात लावत नाही. सोमवारी एकच काम कर. वर ऑफिसात जाण्याआधी दोघींना खाली चहाच्या गाड्यावर बोलाव आणि स्पष्ट सांग: जूनपासून पगार रखडलाय, पीएफ भरला जात नाही, तुम्हाला घेतलं तेव्हा मला हे माहीत होतं, आजपासून दुसरीकडे अर्ज टाका. त्यांच्या स्लिपवर पीएफची कपात असेल तर तिथेच पासबुक उघडून बघायला लाव. आणि काय काय काम केलं याचं सहीशिक्क्याचं पत्र त्याच आठवड्यात दोघींच्या हातात दे. कंपनीला कुलूप लागल्यावर ते कुणाकडे मागणार?

सांगितलं तर त्या जातील, काम अडेल, सर दुखावतील, हे सगळं तुझ्या मनात आत्ताच आलं असेल. जाऊ देत त्यांना. तू माफी मागितलीस तर कदाचित त्या काही बोलणारही नाहीत, मान खाली घालून कप धरून बसतील. तेवढं सोस. आणि उठण्याआधी काणकोणच्या मुलीला विचार, लॅपटॉपचे किती हप्ते राहिलेत.