एकाच मोटारीला वेगमर्यादा समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर १०० आणि त्याच्या घाटात ६०, असं का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मुळे. कमाल वेग केंद्र ठरवतं, राज्याला तो एखाद्या रस्त्यापुरता खाली आणता येतो. २०१८ च्या अधिसूचनेत मोटारींना एक्स्प्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहरात ७० मिळाले. समृद्धीवर सपाटीला पूर्ण १२० आहेत, घाटात १००. अटल सेतूवर १००, पण रॅम्पवर ४०.

तुमचं खरं दुखणं मुंबई-पुणेच्या घाटातले ६० दिसतात. "रस्ता गुळगुळीत, गाडी नवी, मग ६० कशाला? दंड उकळायला?" हे ऐकून माझे कान किटलेत. ती मर्यादा तुमच्या गाडीचे ब्रेक बघून लावलेलीच नाही. त्याच उतारावर मालट्रकला याहून कमी आहे. भरलेला ट्रक खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडला, की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासून गाडी थांबवणारे लायनर पकड सोडतात. जळका वास येईपर्यंत पेडल दाबून फारसा उपयोग उरलेला नसतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, मोटारीनेसुद्धा.

असा ट्रक वळणापलीकडे असेल तर? रस्ता आखताना १०० च्या वेगाला थांबायला १८० मीटर धरतात, ६० ला ८०. तेही सपाटीवर, उतारावर आणखी लागतात. खंडाळ्याच्या वळणांवर १८० मीटर पुढचं कुठे कुठे दिसतं, ते एकदा बघाच. आणि दहा किलोमीटर ६० ऐवजी ८० ने काढून वाचतात किती? अडीच मिनिटं.

"स्पीडोमीटर जास्तच दाखवतो, थोडं वर गेलं तरी चालतं" म्हणणाऱ्यांनी आधी टायर बघावेत. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर टाकले की काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो.

सुरुवातीला दिलेल्या वेगमर्यादा चालक सोडून आठ जणांपर्यंतच्या मोटारीच्या. त्याहून मोठ्या प्रवासी गाडीला समृद्धीवर सपाटीला १००, मालवाहूला ८०. दुचाकीला तिथे प्रवेशच नाही. एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य: कामासाठी लावलेला ४० चा फलक काम संपल्यावरही तसाच उभा राहतो आणि मर्यादा कुठे संपली ते सांगणारा फलक सापडत नाही. भांडायचंच असेल तर किलोमीटरच्या दगडाचा आकडा टिपून, फलकाचा फोटो जोडून, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे लेखी अर्ज करा.