पूर्वी विमानं गवतावर का उतरायची? पक्क्या धावपट्टीला पैसे नव्हते म्हणून का? आणि गावाकडची ती खासगी गवती मैदानं आता कमी का झाली?

पैशांची अडचण होतीच, पण मुख्य कारण ते नव्हे. त्या काळच्या विमानांना गवतच मानवायचं, आणि तेही लांबट पट्टा नव्हे, चहूबाजूंनी मोकळं मैदान.

१९१०-२० च्या सुमाराचं विमान घ्या. वजनाला हलकं, चाकांना ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी एक स्किड, म्हणजे टोकाला लोखंडी पत्रा ठोकलेला लाकडी दांडा. विमान टेकलं की हा दांडा मातीत रेघ ओढत जायचा आणि त्यानेच वेग मोडायचा. सिमेंटवर तेच विमान घरंगळत गेलं असतं. शिवाय आडवा वारा या विमानांना सोसायचा नाही. वाऱ्याकडे तोंड करूनच उडायचं आणि तसंच उतरायचं. वारा रोज दिशा बदलणार, म्हणून मैदान चौकोनी किंवा गोलसर हवं. वैमानिक विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी, बघायचा आणि त्या दिवसापुरती आपली धावपट्टी ठरवायचा. बर्लिनचा टेम्पलहोफ हा तर राजधानीचा विमानतळ, पण दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तिथेही विमानं गवतावरच उतरत होती.

सुरुवातच मुळी गुरांच्या कुरणात झाली. किटी हॉकच्या वाळूवर पहिलं उड्डाण झाल्यावर राइट बंधू १९०४ मध्ये अमेरिकेतल्याच डेटन शहराजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणावर आले. ही जमीन टॉरेन्स हफमन नावाच्या बँकरची. त्याने भाडं घेतलं नाही, फक्त उडण्याआधी गाईघोडे कुंपणाबाहेर काढा, एवढंच सांगितलं. याच उंचसखल कुरणावर ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर राइट सुमारे ३९ मिनिटं हवेत राहिला. विमान खऱ्या अर्थाने कामाचं झालं ते इथे, असं माझं मत आहे, आणि किटी हॉकच्या मानाने या कुरणाचं नाव फार कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं.

पुढे अमेरिकेत हवाई टपाल सुरू झालं. १९२० च्या दशकात रात्रीच्या उड्डाणांसाठी मार्गावर फिरते दिवे उभारले गेले आणि मधूनमधून आणीबाणीची मैदानं राखली गेली. इंजिन बंद पडलं तर तरंगत तरंगत एखादं मैदान गाठता यावं, हा हिशेब. यातली काही पुढे त्या त्या गावाचे विमानतळ झाली.

गवत मागे पडलं ते वजनामुळे. १९४० मध्ये लंडनजवळच्या हॉर्नचर्च तळावरून स्पिटफायर ही लढाऊ विमानं गवतावरूनच झेपावत होती, आणि त्याचा फायदाही होता: रुंद मैदानावरून अनेक विमानं शेजारी शेजारी एकदम उठायची. पण स्पिटफायर पावणेतीन टनांच्या आसपास, तर पूर्ण भरलेलं लँकेस्टर बॉम्बर तीस टनांच्या घरात. ओल्या मातीत ते रुतणारच. म्हणून ब्रिटनमध्ये बॉम्बर तळांवर काँक्रीटच्या तीन-तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदून टाकल्या गेल्या. तोवर ब्रेक आणि शेपटीचं चाक रुळलं होतं, त्यामुळे ठरलेल्या दिशेची पट्टी चालून गेली.

खासगी गवती पट्ट्यांचे खरे चांगले दिवस आले ते युद्धानंतर. सैन्यातून परतलेले वैमानिक होते, आणि पायपर कबसारखं हलकं, साधं विमान होतं. ही कब विमानं १९४७ पर्यंत सुमारे वीस हजार बनली. शेतकरी कुरणाचा एक पट्टा कापून घ्यायचा, रोलर फिरवायचा, की झालं काम. न्यूझीलंडमध्ये १९४९ पासून विमानातून खत टाकणं सुरू झालं आणि डोंगरधारांवर उतार असलेल्या शेकडो पट्ट्या तयार झाल्या. रिकामं विमान चढावर उतरायचं, म्हणजे आपोआप थांबायचं, आणि वर सुपरफॉस्फेट भरून घेऊन उतारावरून सुटायचं. ऑस्ट्रेलियात १९२८ साली क्लॉनकरीहून विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली. ती आजही दूरच्या गुरंपालकांच्या मातीच्या पट्ट्यांवर उतरते. रात्री विमान येणार असेल तर घरचे लोक आधी गाडी फिरवून कांगारू हुसकावतात आणि डिझेलमध्ये भिजवलेले टॉयलेट रोल डब्यांत पेटवून दोन्ही कडांना ओळीने ठेवतात.

गवतावर उडायला शिस्त लागते. कोरड्या गवतावरसुद्धा उड्डाणाला साधारण २० टक्के जास्त अंतर लागतं, ओल्यावर आणखी. उतरताना ओलं गवत जास्त धोक्याचं, कारण ब्रेक धरतच नाहीत. पृष्ठभाग तपासायची जुनी रीत अशी, की पट्टीवरून ताशी पन्नासेक किलोमीटरने गाडी न्यायची. बसणाऱ्याला दणके बसले नाहीत तर विमानालाही चालेल.

आता कमी होण्याबद्दल. अमेरिकेत आजही १४ हजारांहून अधिक खासगी उतरण्याच्या जागा नोंदलेल्या आहेत (त्यात हेलिपॅडही आले), म्हणजे सगळंच संपलेलं नाही. पण अशी पट्टी बहुतेक वेळा एका माणसाच्या हौसेवर टिकते. तो गेला की वारसांना जमिनीचा भाव दिसतो, किंवा शेजारी नवी वस्ती होते आणि आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. एकदा नांगर फिरला किंवा घरं उभी राहिली की ती जागा परत मिळत नाही. ब्रिटनमध्ये शेतातली पट्टी वर्षातून २८ दिवस वेगळ्या परवानगीशिवाय वापरता येते, त्या सवलतीवर बऱ्याच पट्ट्या तग धरून आहेत.

मालकाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती दुसऱ्याच्या अपघाताची जबाबदारी आपल्यावर येण्याची. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या काही वैमानिकांनी २००३ मध्ये रिक्रिएशनल एव्हिएशन फाउंडेशन काढलं, ते नेमकं या दुखण्यावर काम करतं. शिकारी किंवा गिर्यारोहकांना फुकट जमीन वापरू देणाऱ्या मालकाला अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे संरक्षण देतात. त्या यादीत विमानोड्डाणही घाला, ही त्यांची मागणी अनेक राज्यांनी मान्य केली आहे. ज्या राज्यांत ती मान्य झालेली नाही, तिथे मालकाने ‘नाही’ म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही.