जर्मनीला जाताना तरुण संघाचं काय करायचं

सलाम गं. तुझा प्रश्न वाचला आन हसूच आलं, कारण सहा वर्षांआधी मी हेच विचारत फिरत होती. तू लिहिलंस की जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाला, जर्मन भाषेची बी-टू परीक्षा निघाली, मार्चमध्ये स्टुटगार्टकडं निघायचं आहे, गावच्या चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी तूच, आणि घरचे म्हणून राहिले की आता ते सोड, ड्युटी पाहा, कर्ज फेड. तुला सोडायचं नाही. मी दारव्ह्याकडची, वयानं मोठीच असणार म्हणून सरळ तू म्हणते.

पहिले तर सेक्रेटरीपद सोड. संघ नको सोडू, पद सोड, आणि विमानात बसायच्या आधी सोड. मी नव्हतं सोडलं. मला वाटलं व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं होते, मीटिंग फोनवर घेऊ, हिशेब फोटो काढून मागवू. आता आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत संघाचं एक लोखंडी कपाट आहे, त्यात पेटी, ढोलकी, झांजा, नाताळच्या कॅरलचे कंदील आणि वर्गणीची वही. त्याची चावी माझ्या पर्सच्या अस्तरात घुसून इकडं जर्मनीत आली, लाल रिबनला बांधलेली. सापडली कधी, तर नोव्हेंबरच्या शेवटी, बसचे सुट्टे पैसे शोधताना. तिकडं कॅरलची प्रॅक्टिस सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते आणि पोट्टे जेवणाच्या ताटावर ठेका धरून गाऊन राहिले होते! मी म्हटलं अरे कुलूप काहून नाही तोडलं बे, तर म्हणे ताईचं कपाट आहे, ताई सांगन मग तोडू. मला इतकी लाज वाटली. मी समजत होती की मी लांबून संघ सांभाळून राहिली, आणि तिकडं पाच रुपयाचा निर्णय घ्यायला पण ते माझी ड्युटी सुटायची वाट पाहत होते.

त्याच फोनवर कुलूप फोडायला लावलं आणि सेक्रेटरी दुसरी केली. बारावीतली पोरगी, मला वाटलं हिला काय जमते. तिनं प्रॅक्टिस रात्री नऊला नेली कारण दिवसा सगळे कापूस वेचायला वावरात, ज्यांची ओलिताची लाइन रात्रीची ते प्रॅक्टिसमधून सरळ मोटर चालू करायला जायचे, आणि पोलीस भरतीवाल्यांना पहाटे धावायचं असते म्हणून त्यांना साडेदहाला सोडून द्यायची. माझ्या वेळी मी भरतीवाल्यांवर नुसती चिडत होती. वहीचा हिशेब मात्र जायच्या आधी दोघांसमोर मोजून सही करून दे, पैशाचा विषय नंतर फोनवर फार वाईट होते.

मग तुझं काय राहते? एकच काम धर, छोटं, आणि ज्याची खरंच कोणाला तरी गरज आहे असं. माझं काम हे की संघातले जे पोरं-पोरी पुण्याला, चाकणला कंपनीत गेले त्यांना आळीपाळीनं फोन करायचा, आठवड्याला एक. गावात राहणाऱ्याला त्यांची आठवण येत नाही आणि ते लाजून स्वतःहून फोन करत नाहीत. मी पण बाहेर, ते पण बाहेर, त्यामुळं बोलणं होते.

वेळेचं गणित आधीच करून ठेव. भारत इथून उन्हाळ्यात साडेतीन तास पुढं आणि हिवाळ्यात साडेचार, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते. म्हणजे गावातली शनिवारी सातची मीटिंग इथं साडेतीनला नाहीतर अडीचला, तेव्हा तू दुपारच्या शिफ्टमध्ये पेशंटला उठवून बसवत असशील. दर शनिवारी हजर राहीन असं कबूलच करू नको.

रविवार. इथं कायद्यानं वर्षात कमीत कमी १५ रविवार सुट्टीचे द्यावे लागतात, पण म्हणजे बाकीच्या रविवारी तुझी ड्युटी लागू शकते हे पण समजून घे. ड्युटीचा प्लॅन निघायच्या आधी पाहिजे ती सुट्टी लिहून मागता येते, त्याला वुन्शफ्राय म्हणतात. पहिले सहा महिने मी भिऊन काहीच नाही लिहिलं, मग माझ्या वाट्याला उरलेले दिवस आले, दुसरं काय येणार.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथं एवांगेलिश (प्रोटेस्टंट) किंवा काथोलिश (कॅथलिक) लिहिलं की चर्चचा कर लागू होतो, तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, इन्कम टॅक्सच्या ८ टक्के. पगाराच्या नाही, टॅक्सच्या. आपण घरून दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, असं ऐकत आलो त्यामुळं आकड्यानं घाबरायचं कारण नाही, पण पहिली स्लिप पाहून मी रडली होती कारण मला माहीतच नव्हतं. खोटं लिहू नको, पाळक साहेबांशी बोलून ठरवून ये.

आणि इथल्या मंडळीत जा, नुसता मोबाइलवर गावचा संघ करू नको. रविवारी दहाच्या उपासनेत बहुतेक म्हातारे लोक दिसतील, घाबरू नको. विचार की हाउसक्राइस कधी असतो. म्हणजे आठवड्यात एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी आठ-दहा लोक बसून अध्याय वाचतात. मला पहिलं वर्षभर धड बोलता येत नव्हतं, तर मी लवकर जाऊन खुर्च्या मांडायची. गावात सतरंजी टाकायचं काम मी ज्युनियर पोरांवर टाकायची, इथं मीच ज्युनियर. एका आजीनं मला व्याकरण शिकवलं तेही त्या खुर्च्या मांडता मांडताच.

नाताळला बहुतेक वॉर्डात नाताळ किंवा नवीन वर्ष यातलं एकच सुट्टीला मिळते. इथं खरा सण २४ च्या संध्याकाळी, लहान लेकरंवाल्या नर्सेसना ती सुट्टी पाहिजे असते, ती त्यांना सोड, त्यांचं पण मन राहते. तू ३१ डिसेंबर माग. आपल्या चर्चमध्ये रात्री बाराची घंटा होते तेव्हा इथं साडेसात वाजलेले असतात, मी भात लावून फोन खिडकीत ठेवते आणि पोट्टे कॅमेरा पेटीकडं फिरवतात.