तीन दिवस खोलीत कोंडून ठेवलं तर सुटेल का?

या वेळी व्यसनाबद्दलची चार पत्रं घेतलीये. चौघांनीही खाली लिहिलंय की नाव छापू नका, आमचं गाव लहान आहे. नाही छापत. पण त्या एका ओळीत अर्धा आजार आहे असं मला वाटतं, कसं ते पुढं येईलच.

प्रश्न : माझे मिस्टर चौदा-पंधरा वर्षं रोज पितात. आता तर सकाळी उठले की हात थरथरतात, कप धरता येत नाही, थोडी घेतली की थांबतात. गावात दोनच डॉक्टर, दोघंही घरोब्याचे, त्यांच्याकडे जायची लाज वाटते. दीर म्हणतात तीन-चार दिवस खोलीत कोंडून ठेवू, ओरडतील आणि आपोआप सुटेल. करू का असं?

उत्तर : ताई, नका करू. दिरांचा हेतू चांगला असेल पण यात माणूस जाऊ शकतो, आणि हे मी घाबरवायला म्हणत नाहीये.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते सकाळी थरथरणारे हात. दारू मेंदूला मंद करते. रोज, वर्षानुवर्षं कोणी ब्रेक दाबून ठेवला तर गाडी चालती राहावी म्हणून मेंदू ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो, तसं होतं. मग एक दिवस अचानक ब्रेक सोडला की काय होणार, गाडी सुसाट. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आपण कुठं आहोत तेही कळत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसेल तर ते जिवावर बेततं. म्हणजे दीर ज्या तीन-चार दिवसांबद्दल बोलताहेत ना, नेमके तेच दिवस सगळ्यात धोक्याचे, आणि तेव्हा तुम्ही दाराबाहेर असणार.

दवाखान्यात हेच दिवस बऱ्यापैकी सोपे जातात. शांत करणारी औषधं आधी पुरेशा डोसमध्ये देऊन रोज थोडी थोडी कमी करतात, बी-वन व्हिटॅमिन देतात कारण ते नसलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, बीपी बघतात. आठवडाभरात अंगातला त्रास बहुतेक ओसरतो. डॉक्टरांना मात्र खरं सांगा, किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का. निम्मं सांगितलं तर डोसही निम्माच पडेल. आणि तोपर्यंत घरी एकदम बंद करायला लावू नका, हे ऐकायला उलटं वाटेल पण खरंय.

आता लाजेचं. ताई, ते दोन्ही डॉक्टर घरोब्याचे आहेत म्हणता, मग त्यांना माहीत नसेल असं खरंच वाटतं का तुम्हाला? लहान गावात दारू लपत नाही, लपतो फक्त इलाज. पिऊन रस्त्यानं येताना सगळ्यांनी बघितलेलं चालतं आणि डॉक्टरच्या पायरीवर कोणी बघितलं तर अब्रू जाते, हा हिशोब मला आजवर कळलेला नाही. तरीही फारच जड वाटत असेल तर पुढच्या गावच्या सरकारी दवाखान्यात जा, तिथं ओळखीचं कोणी नसेल. पण जा, या आठवड्यात.

प्रश्न : मुलगा प्यायचं थांबवत नाही. एकानं दारू सोडायची गोळी आणून दिलीये, जेवणात कुस्करून द्यायची, त्याला कळू द्यायचं नाही म्हणाला. देऊ का?

उत्तर : काका, ती गोळी बहुतेक डायसल्फिराम असणार. खोटं औषध नाही ते. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये जंतांवर म्हणून त्याचा अभ्यास चालू होता, संशोधकांनी स्वतःवर घेऊन बघितलं आणि नंतर थोडी दारू पोटात गेल्यावर त्यांचीच हालत खराब झाली, तिथून ते व्यसनाच्या उपचारात आलं. दारू पचताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, शरीर एरवी तो पटकन मोडतं, ही गोळी ते मोडणं अडवते. मग चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. ज्याला हे माहीत आहे तो घाबरून पीत नाही, औषधाचं काम ते एवढंच. माहीतच नसेल तर तो नेहमीसारखा पिणार, आणि भरपूर पिणार. हृदय किंवा लिव्हर आधीच कमजोर असेल तर संपलं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतसुद्धा रिॲक्शन येऊ शकते. आणि एकदा कळलं की आई-बाप जेवणात काहीतरी घालतात, की मग तो तुमच्या हातचं कुठलंच औषध घेणार नाही. कपाटातून काढून टाका ती. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, पण तीही डॉक्टर तपासून देतात, आणि त्याच्या संमतीनं.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पावडर ओढतो. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, दोन्ही वेळा तिथं एकदम छान होता आणि घरी आल्यावर महिन्याभरात परत तेच. घरचे म्हणतात हा मुळातच असा, आता पैसे घालवू नका. मलाही आता विश्वास राहिला नाही.

उत्तर : ताई, तुझा वैताग समजतो. पण 'तिथं छान होता' हे तूच लिहिलंयस, त्यावर जरा थांब.

१९७१ च्या सुमारास व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या बाईंनी अभ्यास केला. तिथं असताना जवळपास पाचातला एक जण हेरॉइनच्या, म्हणजे या पावडरीच्याच, पूर्ण आहारी गेलेला, सगळ्यांना वाटलं आता हे देशभर नशेकरांची फौज येतेय. प्रत्यक्षात घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातले शंभरात पाचेक जणच पुन्हा अडकले. याला कारणं बरीच, पण एक मोठं कारण हे की पावडर, ती देणारे, ती ओढण्याची जागा आणि वेळ, सगळं हजारो मैल मागं राहिलं. तुझ्या भावाचं बरोबर उलट होतं बघ. तो दूर जाऊन बरा होतो आणि परत त्याच गल्लीत येतो, जिथं पुरवणारा सकाळ-संध्याकाळ समोरून जातो, लहान गावात तर चुकवायलाही दुसरा रस्ता नसतो. तो मुळातच असा आहे हे यातून कुठं सिद्ध होतं? केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा प्लॅन कोणी केलाच नव्हता एवढंच सिद्ध होतं.

तेव्हा तिसऱ्यांदा ठेवणार असाल तर आधी विचारा की बाहेर आल्यावर काय. पावडरीची तलफ आटोक्यात ठेवणारं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं औषध महिनोन्‌महिने चालू ठेवता येतं, लोक म्हणतील एक नशा सोडून दुसरी लावली, म्हणू देत, या औषधांवर असताना मरण्याचा धोका चांगलाच कमी होतो. काही महिने दुसऱ्या नातेवाइकाकडे राहता आलं तर बघा. रोज सकाळी उठून जायला काहीतरी काम हवंच, रिकामी दुपार फार वाईट.

एक गोष्ट मात्र आजच घरात सगळ्यांना सांग. केंद्रातून आल्यावर घसरला तर तो पूर्वीइतकाच डोस घ्यायला जातो, पण शरीराची सवय मोडलेली असते, आणि अशा वेळी मरण्याचा धोका खूप वाढतो. उठवून उठत नाही, श्वास अगदी हळू किंवा घोरल्यासारखा घरघर आवाज, ओठ निळसर, असं दिसलं तर 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा आणि काय घेतलंय ते खरं सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबत असेल तर तोंडानं श्वास द्या. नॅलोक्सोन नावाचं औषध काही मिनिटांत असा माणूस परत आणतं, ते घरी ठेवता येईल का हे केंद्राच्या डॉक्टरांना विचारून घे.

पैसे हातात देऊ नकोस, उधारी फेडू नकोस, यात काही निर्दयपणा नाही. पण जेवायला बोलावणं बंद करू नकोस.

प्रश्न : मी दारू सोडून आठ महिने झाले. लोक अजून बेवडाच म्हणतात, जुने मित्र 'एकच घे रे' करतात, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंग वगैरे आमच्या गावात काही नाहीत. परवा आमच्याच गल्लीतला एक जण हळूच विचारून गेला, कसं सोडलंस. मी हसून टाळलं.

उत्तर : दादा, आठ महिने म्हणजे गंमत नाही. लोकांचं म्हणाल तर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागणार, त्यांनी पंधरा वर्षं जे बघितलं ते आठ महिन्यांत पुसलं जात नाही, त्याची घाई करू नका. 'एकच घे' म्हणणाऱ्यांना कारणं सांगत बसू नका, कारण दिलं की ते खोडून काढतात. 'नको' म्हणा आणि उठा.

मीटिंगचं मात्र ऐका. १९३५ साली बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन नावाच्या परक्या शहरात गेला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंदा फिसकटलेला, हॉटेलच्या लॉबीत उभा आणि शेजारच्या बारमधून हसण्याचे आवाज. त्यानं काय केलं तर फोन फिरवायला सुरुवात केली, या गावात माझ्यासारखा दारूनं पिडलेला कोणी आहे का. त्याला उपदेश करायचा नव्हता, स्वतः वाचायचं होतं. भेटला एक सर्जन, बॉब स्मिथ. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायची ही मंडळी, तिथून सुरू झाली, पहिल्या मीटिंगला माणसं दोन. आता फोनवरून, व्हिडिओवरूनही मीटिंगा होतात, गावात नसली तरी तिथं बसता येतं.

आणि तो गल्लीतला माणूस. त्याला तुम्हाला विचारायला किती दिवस लागले असतील याचा अंदाज तुमच्याइतका कोणाला येणार. आज संध्याकाळी जाऊन या त्याच्याकडे, आणि त्याचेही हात सकाळी थरथरतात का ते आधी विचारा.